पुम्मा आणि तिग्ग

भाषेविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वाचन तोकडं, धीटपणा त्याहून तोकडा. चुकलं तर क्षमा करा. पण मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीखालच्या गोठ्यात पहाटे बादलीत दुधाच्या धारांचा चरचर नाद सुरू झाला, की त्यात मिसळून दोन कोवळे आवाज वर येत, आणि त्यांतला एकही शब्द मला कळत नसे.

आर्वी आणि ईश्वरी या घरमालकीण मावशींच्या जुळ्या नाती, साडेतीन वर्षांच्या. मोठ्यांपुढे मुक्या, आपसात मात्र अखंड बोलणाऱ्या. बसलेली म्हैस म्हणजे ‘पुम्मा’, उभी राहिली की तीच ‘तिग्ग’. एवढं उमगायला मला आठवडा लागला. बसलेल्या आणि उभ्या म्हशीला आपण एकच नाव का देतो, हा प्रश्न मला कधी कसा पडला नाही? दोन जिवांना पुरेल एवढं जग, आणि त्या जगाला पुरेल एवढीच भाषा! वहीच्या मागच्या पानांवर मी ते शब्द टिपत गेलो.

बालवाडीच्या बाईंनी पोरी बोलत नाहीत म्हणून चिंता व्यक्त केली, तेव्हा मावशी जिना चढून माझ्याकडे आल्या. “तू शिकलेला हाईस न्हवं? सांग की, काय करायचं ह्यास्नी?” ठाऊक नाही म्हणायची मला लाज वाटली. मोबाईलवर अर्धवट वाचलेलं आठवून मी बोलून गेलो, की दोघींना थोडे दिवस वेगळं ठेवून बघा. चारच दिवसांत ईश्वरीला नेसरीला आत्याकडे धाडलं.

मग आर्वी एकटीच गोठ्याच्या दारात उभी राहायची, ‘पुम्मा’ म्हणायची आणि वाट बघून गप्प व्हायची. ऐकणारं कुणी नसलं, तर शब्द शब्द उरतो का? एकदा धीर करून मीच ‘तिग्ग’ म्हणालो. तिच्या ताटात मी हात घातल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. काय मोडून बसलो मी, हा विचार परीक्षेतही सुटला नाही.

सुट्टीला घरी राधानगरीला आलो आणि काल मावशींचा फोन आला. दोघीबी बोलल्या बघ, तुझ्यामुळं, असं त्या हरखून सांगत होत्या. ईश्वरी तिकडं घडाघडा बोलायला लागली आहे. आत्यानं फोन जोडून दिला, तर बहिणीला म्हणाली, “मी ईशू बोलतोय. जेवलीस काय?” आर्वीनं सगळं ऐकून घेतलं, फोन आजीच्या हातात परत दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ मराठीत विचारलं, “ही कोण हाय?”