खिंडीतून ऐकू येणारी जीप

"मालक, तुमी जरा गप बसा. तिला बोलू द्या."

गाडी घेऊन आलेला माणूस कितीही मोठा असो, मिस्त्री त्याला पहिलं वाक्य हेच ऐकवायचे. मग गाडीच्या मागं उकिडवं बसायचं, उजवा तळहात धुराच्या नळीसमोर धरायचा आणि मान खाली घालून तसंच राहायचं. थोड्या वेळानं हात काढायचा, तळव्यावरची काजळी बघायची, तिचा वास घ्यायचा. ज्योतिषी दुसऱ्याचा हात बघून भविष्य सांगतो. आमचे मिस्त्री स्वतःचा हात बघून दुसऱ्याच्या गाडीचं सांगायचे. "डिझेल कुठं भरलं? तिकडं परत जाऊ नका." "म्होरल्या महिन्यात खर्च हाय." "गाडी बरी हाय, चालवनारा घाईचा हाय." हे शेवटचं निदान ऐकून पुष्कळांचे चेहरे पडत.

संगमनेरच्या पुढं, अकोल्यात राजूर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. काम एकच, सायलेन्सर बसवणं आणि जोडणं. इंजिनाला ते हात लावत नसत. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, "पोटाचं दुखनं दुसऱ्याकडं न्या. माज्याकडं फक्त घसा."

फटफटीला फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून मागणारी पोरं त्यांच्याकडं रोज यायची. मिस्त्री नाही म्हणायचे नाहीत. "लावतो की. फक्त एकदा बापाला घेऊन ये. त्याला मागं बसवून स्टँडपत्तर चक्कर मार. उतरल्यावर त्यो व्हय म्हनला की लावतो." पोरगं जे जायचं ते परत यायचं नाही. एकदा मात्र तिसऱ्या दिवशी पोराऐवजी बापच आला. मिशा पिळत म्हणाला, "पोरगं म्हनतं तुमी फटाका लावत न्हाई. मला लावा, गाडी माझ्या नावावर हाय." मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "मंग तुमच्या बापाला आना."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. अशा माणसाचा आपल्याला राग येतो, आणि काम पडलं की आपण त्याच्याकडंच जातो.

मला त्यांचा राग यायचा तो मापांमुळं. टेप खिशात असून ते विती-बोटांनी नळी मोजायचे. आणि मी पडलो पदार्थविज्ञानाचा पदवीधर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरात ते सांगण्यासारखंच आहे. आई शाळेत गेली नाही. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सातवीत शाळा सोडून आधी बैलगाडीवर आणि मग जीपवर बसले. संगमनेरला राहून मी बी.एस्सी. झालो तेव्हा अण्णांनी पदवीचं भेंडोळं जीपच्या बॉनेटवर ठेवून फोटो काढला होता. आता मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मिस्त्री मला "सर" म्हणायचे, पण अशा सुरात की शेजारच्या चहावाल्याला हसू यावं.

"सर, कालेजात वीत शिकवीत न्हाईत का?"

"प्रत्येकाची वीत वेगळी असते, मिस्त्री."

"गाडी तरी कुठं सारखी आसती?"

अण्णांची जीप फोर बाय फोर. डोंगरावरच्या आमच्या गावातून सकाळी निघायची आणि वाटेतल्या वाड्यांची माणसं घेत राजूरला उतरायची. चिखल असो, ओढा वाहत असो, छोटा गिअर टाकून अण्णा ती काढणारच. मात्र तिच्या सायलेन्सरची पार चाळण झाली होती. मिस्त्रींनी त्याला इतक्या वेळा पत्रे जोडले होते की मूळ सायलेन्सर कमी आणि ठिगळं जास्त. आवाज असा की, एखाद्यानं लोखंडी बादलीत गोटे घालून ती जिन्यावरून हळूहळू खाली आणावी.

नोकरी लागल्यावर अण्णांना काहीतरी चांगलं द्यायचं माझ्या मनात होतं. मोबाईलवर आठ दिवस वाचून मी एक सायलेन्सर मागवला. स्टेनलेस स्टीलचा, खास डोंगरात चालवायच्या गाड्यांसाठी बनवलेला. गाडी आणि खोकं घेऊन मी अकोल्याला गेलो. मिस्त्रींनी सायलेन्सर उचलला, नखानं टिचकी मारली.

"भांडं झकास हाय. लग्नात आहेर द्यायजोगं. अण्णांना इचारलं का?"

"त्यांना सरप्राइज आहे."

"आन् गाडीला?"

मी त्यांना शास्त्र समजावलं. जुन्या नळीत धूर कसा कोंडतो, इंजिनाची ताकद कशी वाया जाते, नवीन नळी आतून कशी मोकळी आहे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पन तिचा आवाज जाईल, सर."

"जायलाच पाहिजे!"

मिस्त्रींनी बॅटरीची वायर सोडली आणि ते गाडीखाली सरपटले.

काम मात्र बघत राहावं असं. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यांना डिझेल पाजून ते तासभर नुसते बसून राहिले. "म्हातारी हायेत. घाई केली की तुटत्यात." तरी एक तुटलाच. नव्या नळीच्या तोंडाला तीन भोकं, इंजिनाकडून येणाऱ्या नळीला दोन. माझं खोकं म्हणत होतं की सगळं आपोआप बसेल. मिस्त्रींनी जाड पत्र्यातून नवीन चकती कापली, भोकं पाडली, मधे पॅकिंग घातलं. ओढ्याचं पाणी लागू नये म्हणून नळी चार बोटं वर उचलून रबरावर टांगली. नळीचं शेपूट मागच्या खिडकीच्या पार मागं काढलं, कारण धूर मागं बसलेल्या माणसांच्या नाकात जाता कामा नये. शेवटी इंजिन चालू करून ओलं फडकं नळीच्या तोंडावर दाबून धरलं आणि मला जोडांवर हात फिरवायला लावला. कुठंही हवा लागली नाही. हे सगळं विती-बोटांनी.

"जुना ठिवून द्या. टाकू नका," ते म्हणाले. मी हसलो आणि परतीच्या वाटेवर तो भंगारवाल्याच्या गाडीवर टाकून दिला.

अण्णांनी जीप चालवून बघितली. "लई गुळगुळीत झाली," म्हणाले. मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी मी सकाळच्या फेरीला त्यांच्याबरोबर बसलो. पहिल्या वाडीच्या थांब्यावर कोणी नाही. अण्णा थांबले, हॉर्न वाजवला, कोणी नाही. दुसऱ्या थांब्यावर तेच. राजूरला पोचलो तेव्हा जीपमध्ये आम्ही दोघंच होतो.

"चार दिवस असंच हाय," अण्णा म्हणाले.

कारण मला तिथं बसल्या बसल्या उमगलं आणि कान गरम झाले. वाड्यांची घरं रस्त्यापासून लांब, चढावर. तिथं मोबाईलला रेंज नाही. अण्णांची वेळही पक्की नसते, दुधाचे कॅन भरले की निघायचं. मग माणसं रस्त्यावर यायची कशी? जीप खिंडीत आली की तिचा तो बादलीतला आवाज दरी ओलांडून घरांपर्यंत जायचा. वळसा घालून जीप थांब्यावर यायला जेवढा वेळ, तेवढाच घरातून उतरून यायला. आवाज आला की बायका चूल विझवायच्या, पोरांची दप्तरं भरली जायची. हॉर्न तर वळणावर सगळ्याच गाड्या वाजवतात, त्याला कोण उठणार? लहानपणापासून मी हे बघत होतो आणि माझ्या ध्यानातच नव्हतं. शाळेत मात्र मी ध्वनीचा धडा शिकवत होतो.

माणसांना वाटलं, अण्णांनी फेरी बंद केली. दहाव्या दिवशी राजूरची दुसरी एक जीप त्या वेळेला वाडीखाली येऊन उभी राहू लागली. अण्णा माझ्यावर रागावले असते तर बरं वाटलं असतं. एका संध्याकाळी जेवताना आईला एवढंच म्हणाले, "सोमवारी गिऱ्हाईक बोलावलंय. जीप दाखवून टाकू. गाडी चांगली झाली, मानसं गेली." तीस वर्षं त्या वाटेवर चाललेला माणूस. जीप गेली असती तर अण्णा ओट्यावर बसून राहिले असते, आणि त्यांना तिथं मी बसवलं असतं.

मी अकोलं गाठलं. जुना सायलेन्सर शोधून आणायची सोय नव्हती. तो केव्हाच कुठंतरी वितळला होता. घडलेलं सगळं सांगितलं, आणि मिस्त्री आता सुनावणार म्हणून मी मान खाली घालून उभा होतो. त्यांनी विचारलं, "सोमवार म्हंजी परवा न्हवं? उद्या दुकान बंद ठिवतो. तुमी एक टावेल घेऊन या."

रविवारी सकाळी ते एका पोत्यात नळ्यांचे तुकडे, क्लॅम्प, पत्र्याच्या पट्ट्या घेऊन आले. अण्णा आणि मिस्त्री जीप घेऊन खिंडीत थांबले. मला पाठवलं दरीच्या दुसऱ्या बाजूला, वरच्या वाडीत. तिथल्या एका आजीच्या अंगणात चार माणसं जमली होती. मिस्त्री नळीला एकेक जोड लावणार, अण्णा जीप खिंडीतून पुढं-मागं करणार, आणि वाडीच्या माणसांना पटलं नाही की मी टॉवेल हलवणार. बी.एस्सी., बी.एड. झालेला माणूस डोंगराच्या टोकावर उभा राहून टॉवेल हलवत होता.

पहिला आवाज आला. शेळ्या सोडायला निघालेला पांडबा म्हणाला, "ह्यो तर दूधवाल्याचा टेम्पो." टॉवेल.

दुसरा आवाज. "हिला पडसं झालंय," एक बाई म्हणाली. सगळे हसले. टॉवेल.

तिसऱ्या वेळी पांडबानं कान टवकारले. "जवळ आलं. पन अण्णा आसा तणतणत न्हाई येत." टॉवेल.

असं नऊ-दहा वेळा झालं. पलीकडं मिस्त्री मुंगीएवढे दिसत होते. दर वेळी जीपखाली जायचे आणि बाहेर यायचे. ऊन चढलं. माणसं एकेक करून कामाला पांगली. मी आणि पांडबा राहिलो. आजी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं सकाळपासून एकदाही मत दिलं नव्हतं. मला वाटलं तिला ऐकू येत नसेल.

पुन्हा आवाज आला. पांडबा काही बोलायच्या आत आजीनं सूप बाजूला सारलं, खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि उताराला लागली.

"आजी, कुठं चाललीस?"

"कुठं काय, गाडी आली न्हवं!"

मी टॉवेल हलवायचं विसरलो. आजी आपली झपाझप खाली चालली होती. दरीपलीकडून मिस्त्रींना तिचं हिरवं लुगडं उतरताना दिसलं असणार, कारण ते रस्त्याच्या कडेला, होते तिथंच, खाली बसले.

अर्ध्या वाटेवर आजीला आठवलं की आज जायचं नव्हतंच. पण ती मागं फिरली नाही. "आता उतरलेच हाय तर राजूरला लेकीकडं जाऊन येते," म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

दुपारी आमच्या घरी जेवताना मी मिस्त्रींना विचारलं, कसं जमवलं? त्यांनी शेपटात आवाज दाबायला भरलेला तारेचा भुसा अर्धा काढला होता, नळी वीतभर वाढवली होती आणि आत एक पट्टी एका बाजूनं मोकळी ठेवून ठोकली होती, ती खुळखुळायची. "ती जुनी नळी मीच जोडायचो, सर. दर येळेला जरासा चुकलो हुतो. त्या चुका आठवल्या आन् वळीनं परत केल्या." मग भाकरी मोडत म्हणाले, "मोठा आवाज नगं आसतो मानसाला. वळखीचा पायजे." अण्णांनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. आमच्याकडं अण्णा कोणाला वाढत नाहीत.

सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा जीप घरी नव्हती. फेरीला गेली होती, भरून.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या दुकानात आता एक शिकलेला, हुशार पोरगा बसतो. टेपनं मोजतो, मोबाईलवर दाखवतो. पोरगा वाईट नाही. माझाच विद्यार्थी शोभेल.

मागच्या महिन्यात अण्णा आणि मी जीपनं अकोल्याहून परत येताना त्याच्या दुकानासमोर जरा थांबलो. मागं वाडीची सात-आठ माणसं बसलेली. इंजिन चालूच होतं. पोरगा लगबगीनं बाहेर आला, वाकून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काका, सायलेन्सरमधी कायतरी सुटलंय. खुळखुळतंय बघा. दहा मिनिटांत काढून देतो."

"सुटल्यालं न्हाई ते," अण्णा म्हणाले. "बसवलंय."

"असलं कोन बसवतं? कुनी बसवलं?"

अण्णांनी त्या पत्र्याच्या दुकानाकडं बघितलं.

"हुता येक," म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. मी त्या पोराला सगळं समजावून सांगणार होतो, पण मागच्या माणसांना उजेडी घर गाठायचं होतं.