आठव्या किलोमीटरच्या पुढे

माझे व्याही रेल्वेत चावीवाले होते. चावी म्हणजे रुळाला स्लीपरवर घट्ट धरून ठेवणारी लोखंडी पाचर. गाडीच्या हादऱ्याने ती सैल होते. हातोडीने ती परत ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. रोज सकाळी हातोडी आणि पाना खांद्यावर टाकून निघायचं. आठ किलोमीटर एका रुळावर नजर ठेवून जायचं आणि दुसऱ्यावर नजर ठेवून परत यायचं. आठव्या किलोमीटरला एक पांढरा दगड होता. पलीकडून दुसरा चावीवाला तिथे यायचा. दोघांनी पितळी बिल्ले अदलाबदल करायचे आणि मागे फिरायचं. बिल्ला बदलून आला, की माणूस दगडापर्यंत खरंच गेला होता असं धरायचं.

असं एकतीस वर्षं. सुट्ट्या वजा करून मी एकदा आकडा काढला. दीड लाख किलोमीटर भरतात. पृथ्वीला जवळजवळ चार फेऱ्या, आणि त्या सगळ्या त्याच आठ किलोमीटरांत.

मी स्वतः चाळीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात साचे भरले. कष्टाच्या बाबतीत मी कुणाला उगाच मोठं म्हणत नाही. यांना म्हणतो.

ती लाइन मालगाडीची. वरच्या डोंगरांतून लाकूड खाली यायचं. प्रवासी डबा तिला कधी लागला नाही आणि मोटारीचा रस्ता डोंगराच्या दुसऱ्या अंगाने. त्यामुळे दगडाच्या पुढे काय आहे, ते व्याह्यांनी फक्त इंजिन चालवणाऱ्यांकडून ऐकलेलं. शेवटच्या वळणावर तीन तळी दिसतात, एकाखाली एक, आणि नदी एकातून दुसऱ्यात उतरते. ते निवृत्त झाले, लाइन बंद पडली, रूळ उचलले गेले. उरला नदीकाठचा सपाट रस्ता. त्यावर बारीक खडी दाबली आणि दोन्ही तोंडांना खांब रोवले, म्हणजे सायकलीखेरीज काही आत शिरू नये. व्याही म्हणायचे, जाऊ कधीतरी. त्यात नऊ वर्षं गेली.

मग काचबिंदू निघाला. कडेचं दिसणं गेलंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मधलं जे उरलंय ते थेंब घालून जपा. दीड-दोन वर्षं धरून चाला.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे.

"व्याही, सायकल चालवता ना अजून?"

"भाजी आणण्यापुरती."

"चौऱ्याहत्तर किलोमीटर जायचंय. दोन दिवसांत. ती तळी मला बघायचीत. पुढच्या वर्षी नेलंत तर नुसतं पाण्याचा आवाज ऐकून यावं लागेल."

माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, माझ्यावर उखडली. "बाबा, त्यांना बाजूचं दिसत नाही आणि तुम्ही सायकलवर नेताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तिकडे बाजूने काही येतच नाही. मोटार नाही, स्कूटर नाही."

"आणि दरी?"

"दरी अंगावर येत नाही गं, आपण तिच्या अंगावर जातो," व्याही म्हणाले. ती हसली नाही, पण थेंबांची बाटली तिनेच पिशवीत ठेवली.

निघालो. रेल्वेचा चढ अंगावर येत नाही. ऐंशी मीटरला एक मीटर, त्याहून जास्त कुठेच नाही. पण तो थांबतही नाही. पायडल सोडून बसायची सोय नाही. सोडलं की सायकल थांबते. तासाला नऊ-दहा किलोमीटर पडत होते. मांड्या विसाव्या किलोमीटरला बोलायला लागल्या. तक्रार नाही, नोंद करतो.

त्याआधी, आठव्या किलोमीटरला, पांढऱ्या दगडापाशी व्याही उतरले. जागा बघितली, पलीकडची खडी बघितली, आणि सायकल हाताने ढकलत दगडाच्या पुढे नेली. मग पुन्हा सायकलवर बसले.

त्यानंतरचं मी काय सांगावं! खाली नदी, इतकी नितळ की तळाचा गोटा आणि वरचा ढग एकाच जागी दिसावा. डोंगर कापून काढलेली वाट, दोन्हीकडे ओला काळा दगड. माझ्याच चेनचा आवाज मला मोठा वाटायला लागला, तेव्हा कळलं की दुसरा आवाजच नाही. दुपारी एक छोटं तळं लागलं. कढईतलं लोखंड वितळून स्थिर झालं, की असा आरसा होतो. पण त्याच्याकडे काळ्या काचेतून बघावं लागतं, तेही क्षणभर. इथे हवं तेवढं बघा, कोणी नको म्हणत नाही. चाळीस वर्षं भट्टीसमोर काढलेला माणूस मी; पाणी एवढं गप्प राहू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बावन्न किलोमीटर झाले. जुन्या स्टेशनातली खोली मिळाली. जेवताना व्याही म्हणाले, "चौदा ठिकाणी गटार तुंबलंय. पाणी मुरलं तर भराव खचेल. सांगायला हवं कुणाला तरी."

"ते जाऊ द्या. तळं कसं वाटलं?"

ते ताटाकडे बघत राहिले. "कुठलं तळं?"

मी घास खाली ठेवला. दिवसभर या माणसाने चाकापुढच्या दहा फुटांवरून नजर हलवली नव्हती.

"मान वर करतो म्हटलं, की ती आपोआप खाली येते," ते म्हणाले. "नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एकदा वर बघितलं होतं. बगळ्यांचा थवा चालला होता. परतताना बघतो तर सात चाव्या सैल. मधल्या वेळात गाडी जाऊन आलेली. काही झालं नाही. कुणाला कळलंही नाही. पण तेव्हापासून मान वर होत नाही, व्याही."

"आता रूळ कुठे आहेत?"

"हे मला कळतं हो. मानेला कोण सांगणार?"

उरले होते बावीस किलोमीटर आणि एक सकाळ. मी आडवा पडून विचार केला. त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं, की रुळावर टोळी काम करते तेव्हा एकाला नुसतं उभं ठेवतात. त्याने गाडी बघायची. बाकीच्यांनी त्याच्यावर सोडून कामाकडे बघायचं. ओरडला की बाजूला व्हायचं.

सकाळी मी म्हटलं, "आज मी पुढे. जमीन माझ्याकडे. दगड, खड्डा, चिखल, काहीही असलं तर ओरडेन. मी ओरडलो नाही तर खाली काही नाही."

"जमेल तुम्हाला?"

हा प्रश्न मला झोंबला. "अहो, मुलाचे वडील तुम्ही. मान खाली घालायची तर मुलीच्या बापाने घालावी. बसा!"

ते हसले, पण पहिले पाच किलोमीटर खालीच बघत आले. मला कसं कळलं? मी "डावीकडे दगड" म्हणायच्या आत मागून "बघितला" यायचं. मी आवाज बारीक केला नाही. एकही खडा सोडला नाही. काम घेतलं की पुरतं करायचं. डोंगर, पाणी, आभाळ, सगळं बाजूने चाललं होतं आणि मी मातकट खडी बघत होतो. तेव्हा कळलं त्यांनी काय केलं होतं एकतीस वर्षं.

"उजवीकडे फांदी," मी ओरडलो. मागून उत्तर नाही.

"ओलं आहे, हळू." उत्तर नाही.

मग मागून नुसतं, "अरे बाप रे." अगदी हळू.

मी वळून बघितलं नाही. घसा कोरडा पडेपर्यंत ओरडत राहिलो. शेवटच्या वळणावर वाटेत आडवा ओंडका. मी "थांबा!" म्हणून ब्रेक दाबला आणि पुढच्याच क्षणी मागचं चाक कोणीतरी उचलून फेकल्यासारखं झालं. आम्ही दोघं, दोन सायकली, सगळे गवतात.

थांबा म्हटलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

कोपर सोललं होतं. ते पाठीवर पडले होते, टोपी कुठे, चपला कुठे, आणि मान अजून तिकडेच.

"पडलो का आपण?" त्यांनी विचारलं.

"पडलो."

"बरं."

मी उठून आधी चाक बघितलं. दोन स्पोक तुटले होते. मग त्यांना बसतं केलं आणि मीही बघितलं. वरचं तळं धुक्यात, मधलं हिरवं, खालचं एवढं मोठं की पलीकडचा काठ डोंगर आहे की डोंगराची सावली ते ठरेना. मधून नदी, पांढरी, आवाज न करता उतरणारी. मी टोपी काढली.

व्याह्यांना एका वेळी ताटाएवढंच दिसतं. त्यांनी डाव्या टोकापासून सुरुवात केली. तेवढं बघायचं, मान बोटभर सरकवायची, पुन्हा बघायचं. मी स्पोक बांधले, चाक फिरवून बघितलं, पाणी प्यायलो. पाऊण तास झाला.

"निघायचं का?" मी विचारलं.

"थांबा हो," ते म्हणाले. "मधल्या तळ्याचं उजवीकडचं बाकी आहे. आणि खालचं तर सगळंच."