रणगाड्याची मागची काच

माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नसे. देवळालीच्या छावणीत तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि कानही तिथंच गेले. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते अख्ख्या जगाला बहिरं समजून बोलत. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणत असे) घरात "पाणी दे" म्हटलं की शेजारीण तांब्या घेऊन आमच्या दारात उभी राहायची.

नोकरी संपल्यावर त्यांनी छावणीतल्या लिलावात एक ट्रक घेतला. लोक म्हातारपणी तीर्थयात्रेला जातात, आमच्या मामांनी हे धूड दारात आणून उभं केलं. तसला ट्रक नाशकात दुसरा नव्हता. महायुद्धातला, डाव्या हाताला स्टिअरिंग, पुढं डुकरासारखं नाक आणि पाठीवर लोखंडी क्रेन. नाशिकरोडच्या आमच्या वस्तीतली पोरं त्याला रणगाडा म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची लाज वाटायची. इतर मुलींच्या दारात तुळस, नाहीतर सायकल, आणि माझ्या दारात हा.

पण हा रणगाडाच आमचं पोट भरायचा. कसारा घाटात ट्रक कलंडला, घोटीकडं तांदळाची गाडी खड्ड्यात गेली की आम्हाला निरोप येई. मग मामा आणि माझा नवरा जाऊन ती गाडी उचलत आणि टोचन लावून, म्हणजे रणगाड्यामागं बांधून, गॅरेजपर्यंत आणत.

त्यांची काम करायची रीत बघण्यासारखी होती. मामा केबिनमध्ये बसत, क्रेनचा लिव्हर त्यांच्या हातात. नवरा मागं हुकापाशी. साखळी अडकवायची, दोर सरळ धरायचा आणि मामांना खुणा करायच्या, हे त्याचं काम. हाक मारून उपयोग नव्हता. मामा मान वळवून केबिनच्या मागच्या काचेतून फक्त लेकाचा हात बघत. बोट गोल फिरवलं की दोर ओढायचा, तळहात खाली दाबला की सोडायचा, मूठ वर गेली की थांबायचं. आणि अंगठा-बोटाची चिमूट दाखवली की कणभर. तेवढ्यावर बाप-लेक भरलेला ट्रक नाल्यातून असा वर काढत, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. घरात एकमेकांशी धड चार शब्द न बोलणारी ही माणसं कामावर किती बोलतात, हे मी एकदा घाटात जाऊन पाहिलं आणि माझी लाज तिथंच गळून पडली.

सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. पावसाळ्यात घाटात एक हूक सुटला, झोका घेऊन आला आणि मागची काच फोडून गेला. मामा वाचले. पण इगतपुरीच्या पावसात मागं भोक ठेवून बसणार कसं? नवऱ्यानं तिथं जाड प्लास्टिक ताणून बांधलं. स्वच्छ उन्हात त्यातून दिसायचं, पावसात सगळं दुधाळ.

आठवडाभरात व्हायचं ते झालं. एकलहऱ्याच्या रस्त्यावर एक ट्रक नाल्यातून काढत होते. नवऱ्यानं मूठ वर केली, थांबा म्हणून. मामांना ती नीट दिसली नाही. दोर ताणला गेला आणि नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं साखळीत सापडली.

दवाखान्यातून आल्यावर मामा ओट्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. मग एकदम म्हणाले, "काच बसल्याबिगर मी लिव्हरला हात लावणार नाय." त्या दिवशी त्यांचा आवाज शेजारीसुद्धा गेला नाही.

मला तर काचेशिवाय दुसरं काही सुचेना. पुढच्या खेपेला बोटांवर भागलं नाही तर?

पण काच आणायची कुठून? नाशकातल्या सुट्या भागांच्या दुकानांत नवऱ्यानं चौकशी केली, तर लोक हसले. त्या खिडकीचा आकारच जगावेगळा: खाली सरळ, वर कमान, अर्ध्या भाकरीसारखा. घराच्या खिडकीची काच मामांना नको होती. "फुटली तर मानेत घुसंल," म्हणाले. त्यांना मोटारीचीच काच पाहिजे होती, दोन काचांच्या मध्ये पातळ पडदा असलेली, फुटली तरी न सांडणारी.

मला भद्रकालीतले काचवाले चाचा आठवले. आमच्या विहारातली मोठी तसबीर त्यांनीच काचेत बसवली होती. मी त्यांच्याकडं गेले. लहानसं दुकान, भिंतीला टेकून उभ्या काचा, आणि मध्ये बारीक अंगाचे, पांढऱ्या दाढीचे चाचा. सगळं ऐकून त्यांनी मागून एक तुकडा काढला. जुन्या बसच्या पुढच्या काचेचा, मधला सपाट भाग.

"एकच आहे," ते म्हणाले. "दुसरा मिळणार नाही. गाडी घेऊन या."

"चाचा, तुमच्या गल्लीत रिक्षा वळत नाही, रणगाडा कुठून येणार?"

"मग कागदावर माप आणा. खिडकीच्या भोकाचं. कागद ठेवला की भोक झाकलं पाहिजे, ना कमी ना जास्त."

नवऱ्याचा हात बांधलेला, मामांना माप-बिप ठाऊक नाही. मी म्हटलं, त्यात काय! मी ब्लाउज शिवत होते. शिवणाच्या क्लासला पहिला नंबर आला होता, वस्तीतल्या निम्म्या बायकांच्या अंगाचा कागद माझ्या ट्रंकेत होता. शिडी लावून चढले, खाकी कागद लावला, खडूनं रेघ ओढली. घरी येऊन कागद कापला. कमान अशी झकास आली, की मी स्वतःवरच खूश झाले.

चाचांनी कागद दोन्ही हातांत धरून विचारलं, "नेमका भोकाएवढा ना?"

"नेमका," मी म्हटलं. वर हेही म्हटलं, की माझं माप कधी चुकत नाही.

चार दिवसांनी चाचा बसनं आले. चादरीत गुंडाळलेली काच मांडीवर घेऊन, कुणाचा धक्का लागू न देता भद्रकाली ते नाशिकरोड. खांद्याच्या पिशवीत काचेभोवती बसवायचं रबर. त्यांनी काच उचलून खिडकीला लावली.

ती चारी बाजूंनी मोठी होती. रबराची जागा चाचांनी हिशेबानं सोडली होती, तरीही मोठी.

"नाकापेक्षा मोती जड!" मामा गरजले. वस्ती बाहेर आली. "दाढी पांढरी झाली न् माप कळंना? एकच तुकडा व्हता, त्याची माती केली!"

चाचांनी पिशवीतून माझा कागद काढला. कडेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्या गळ्यात शिवणाची टेप लोंबत होती. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पायाखालची जमीन सरकली. शिवणाच्या क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतली होती: कात्री रेघेवरून चालवायची नाही, शिलाईसाठी अर्धा इंच बाहेरून चालवायची. खडूची रेघ बरोबर होती. माझी कात्री सवयीनं तिच्या बाहेरून फिरली होती. मी काचेला शिलाईची जागा सोडली होती!

चाचा मामांसमोर उभे राहिले, सावकाश ओठ हलवत म्हणाले, "माझी चूक. कापून देतो."

आणि मी गप्प राहिले. सांगायला लाज वाटते, पण गप्प राहिले. मामांच्या आवाजाची भीती, वस्तीसमोर नाक कापलं जाण्याची भीती. "माझं माप चुकत नाही" म्हणणारीच्या तोंडाला कुलूप लागलं. चाचांनी एक गोधडी मागितली, तेवढी मात्र पळत जाऊन आणली.

पुढचे तीन तास मी जे पाहिलं, तसं काम पुन्हा पाहिलं नाही. चाचांनी बाजेवर फळी ठेवली, फळीवर गोधडी, गोधडीवर काच. चष्म्याच्या डबीतून हिरकणी काढली, काच कापायचं ते लहानसं हत्यार, आणि रॉकेलमध्ये बुडवली. एका बाजूनं रेघ ओढली, काच पालथी करून बरोबर त्याच रेघेवर दुसऱ्या बाजूनं ओढली. खालून टकटक केलं. काच दोन्हीकडून रेघेवर तडकली, पण मधला पडदा सोडेना. मग त्यांनी रेघेवर स्पिरिटची धार सोडली आणि काडी लावली. निळी ज्योत रेघेवरून पळत गेली, पडदा मऊ झाला आणि त्यांनी ब्लेड फिरवून अर्ध्या इंचाची पट्टी सोडवून घेतली. पट्टी इतकी अरुंद, की हाताला पकड मिळेना. तिथं ते पकडीनं कण कण तोडत. कमानीवर तर एकेक इंचाला दम खात होते.

वरच्या कोपऱ्यात काचेत एक केस उठला, केसाएवढा तडा. बारीक, पण आत सरकणारा. माझ्या नवऱ्यानं डोळे मिटले. चाचांनी हत्यार खाली ठेवलं, केसावर अंगठा दाबून धरला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग तिथली गोलाई त्यांनी जराशी आतून घेतली, इतकी अलगद, की केस निघणाऱ्या तुकड्यात गेला आणि काच शाबूत राहिली. माझा जीव भांड्यात पडला. लोकांना नक्षीकाम बघून नवल वाटतं. मला त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं वाटतं, अजून.

रबर बसवताना मी थोडी उपयोगाला आले. काचेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, आणि एकानं बाहेरून काच दाबायची, तर दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर उलटते. चाचांची सुतळी दोनदा तुटली. मी घरातून परकराची कोरी नाडी आणली. चाचा हसले, साबणाच्या पाण्यात भिजवून त्यांनी ती खाचेत घातली. नाडी सरसर निघाली आणि काच आपल्या जागी जाऊन बसली, जणू तिथंच जन्मली होती.

चहा देताना मी हळूच म्हटलं, "चाचा, चूक माझी होती. तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"बेटी, कागद पाहूनच मला कळायला पाहिजे होतं, की हा शिंपिणीच्या हातचा आहे," ते म्हणाले. "मी नीट विचारलं नाही. मग चूक कुणाची?"

हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले होते, चाचांकडं बघायलाही तयार नव्हते.

थोड्या वेळानं मामा केबिनमध्ये चढले. काचेतून दिसतं का ते बघायचं होतं. नवऱ्याचा हात बांधलेला, म्हणून मागं हुकापाशी मी उभी राहिले, नवरा उभा राहायचा त्या जागी. काचेपलीकडं मामांचा चेहरा. मी बोट फिरवलं, हूक वर गेला. तळहात दाबला, खाली आला. मूठ वर केली, हूक जागच्या जागी थांबला. ऊन उतरलं होतं, तरी त्यांच्या भुवईचा केस न् केस मला दिसत होता. म्हणजे त्यांनाही माझा हात तसाच दिसत असणार.

त्या माणसाला ओरडून काही सांगता येत नव्हतं. पण हातानं सांगता येत होतं. मी काचेकडं बोट केलं. अंगठा-बोटाची चिमूट धरून अर्धा इंच दाखवला. मग ओट्यावर बसलेल्या चाचांकडं बोट करून नाही म्हणून मान हलवली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोन्ही कान धरले.

मामा बघत राहिले. मला वाटलं, आता दार उघडेल आणि आवाज स्टेशनापर्यंत जाईल. पण दार उघडलं नाही. माझ्या डोक्यावरचा हूक हलला. कणभर, बरोबर अर्धा इंच खाली आला आणि थांबला.

मग मामा उतरले. सगळ्या वस्तीदेखत चाचांसमोर गेले आणि त्यांनी काहीच न बोलता स्वतःचे कान धरले. चाचांनी गडबडीनं उठून त्यांचे हात खाली घेतले. दोघं म्हातारे तसेच हात धरून उभे राहिले.

त्या काचेतून बाप-लेकानं पुढं कित्येक वर्षं काम केलं. मामा गेले, रणगाडा गेला. माझ्या नवऱ्याच्या हातांची दहाही बोटं अजून आहेत. त्यातली दोन वाकडी आहेत, पण ती काचेच्या आधीची.