डॅशबोर्डवर दादाची पाच बोटं

मित्रहो, आज सकाळी डोणगावात मी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचं नाक फोडलं.

बाबांच्या जुन्या अँबेसेडरचा डॅशबोर्ड तीन दिवस घासून मी त्यावर काळा दाणेदार स्प्रे मारला होता. रंग ओलाच होता. दादा आंघोळ करून आला आणि त्यानं गणपतीची मूर्ती त्या रंगात दाबून बसवली.

"काऊन हात लावला बे?" मी ओरडलो.

"गाडीत आधी देव बसवा लागते," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. पडता पडता त्यानं डॅशबोर्डच धरला.

आता रंग वाळलाय. गणपतीशेजारी दादाची पाच बोटं उमटली आहेत.

तो नाकाले रुमाल लावून विचारून राह्यला, "रंग लय खराब झाला का रे?"

सांगा, त्याले काय उत्तर देऊ?