दादांच्या समोर

बापाने स्वतःचं लेकरू स्वतःच्या बापासमोर उचलायचं नाही, असा आमच्या घरात रिवाज होता. आमच्याच नव्हे, आसेगावात तेव्हा बहुतेक घरांत तसंच. पुतण्याला खांद्यावर घ्या, शेजाऱ्याचं पोर कडेवर घ्या, कोणी हूं की चूं करत नसे. पण आपलं पोर वडीलधाऱ्यांसमोर जवळ घेणं म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा. आजोबांना सगळं घर दादा म्हणायचं, आणि दादा दिवसभर समोरच्या खोलीतल्या कोपऱ्यात, बाजेवर बसलेले असायचे. मग वडिलांना मला उचलायला सवड मिळणार कुठून?

मी सहा-सात वर्षांची असताना खळ्यात मला विंचू चावला. दादा तुरीच्या ढिगाजवळ बसले होते. वडील माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी रडत त्यांच्याकडे हात पसरले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादांकडे पाहिलं, आणि शेतावर सालाने ठेवलेल्या गड्याला हाक मारली, "अरे, उचल तिले." गड्याच्या खांद्यावरून मला मागे चालत येणारे वडील दिसत होते. त्यांचं ते कोरडं पडलेलं तोंड अजून माझा पिच्छा सोडत नाही. पाय लवकर बरा झाला. राग तेवढा राहिला.

मी बारावीत असताना दादा गेले. तोवर मी उचलून घेण्याच्या वयाची राहिले नव्हते. पुढे मी लेकरं घेऊन माहेरी यायचे, तेव्हाही वडील दारातूनच विचारायचे, "झोपलं काय?" आणि शेताकडे निघायचे. रिवाज त्यांच्या हातात मुरला होता. माझे यजमान वाशीमला नोकरीत, शिकलेले. पण सासरे राहायला आले, की तेही पोराला गरम पातेल्यासारखं पटकन खाली ठेवायचे. मी हसायचे आणि आतून जळायचे.

आता माझा मुलगा बाप झालाय. पुण्याला असतो. लेकराला कोणत्या कुशीवर निजवायचं, हेसुद्धा मोबाईलला विचारतो. मी दोन लेकरं वाढवली ती काय यंत्र पाहून? वर मला ऐकवतो, "आई, तुम्ही लोक आमच्याशी बोलतच नव्हता." डबे केले, फिया भरल्या, तापात उशाशी बसलो, बोलायचं अजून काय राहिलं होतं? या पिढीला सगळं तोंडाने बोलून दाखवलेलं लागतं. मला त्याची चीड येते, आणि त्याने पोरीला छातीशी धरलं, की बघतही राहावंसं वाटतं.

दिवाळीनंतर तो, सून आणि पाच महिन्यांची पोरगी असे आम्ही आसेगावला गेलो. वडिलांचं मन वर्षभरापासून ठिकाणावर नव्हतं. "बाबा दादाशी बोलून राह्यले," असं भाऊ फोनवर म्हणाला होता. पुढच्या दिवाळीला ते आपल्याला ओळखतील याचा भरवसा नव्हता, आणि मला एकच गोष्ट हवी होती. माझ्या बापाच्या हातात आपलं लेकरू कसं दिसतं, ते मला एकदा पाहायचं होतं.

मुलाने पोरीला छातीवर पट्ट्यांनी बांधून आणलं होतं, शाळेचं दप्तर उलटं घातल्यासारखं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खोलीत आल्यावर त्याने पट्टे सोडले आणि पोरगी पुढे केली. "घ्या ना, आबाजी."

वडिलांनी धोतराला हात पुसले, पुढे केले. मग कोपऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "दादा बसेल हायेत न तिथं. त्याईच्यासमोर कसा घेऊ?"

कोपऱ्यात आता कूलर आहे. भाऊ ओशाळून हसला. "बाबा, दादाले जाऊन किती वर्षं झाले!" वडिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने दादांच्या तोंडावर काही भलतं म्हटलं. आणि खरं सांगते, माझाही हात डोक्यावरचा पदर सारखा करायला वर गेला.

मुलगा आता आजाराचं नाव सांगेल, मोबाईल काढेल, असं मला वाटलं. तो कूलरपाशी गेला आणि वाकून म्हणाला, "दादा, ही तुमची खापरपणती. आबाजींना घेऊ द्या ना."

वडील कान देऊन ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "नाई म्हणून राह्यले."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. दादा असेपर्यंत त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नाही. आता मी सरळ कोपऱ्यात गेले. "उठा, दादा. लय झालं. चला बाहेर." दंडाला धरावं तसा हात पुढे केला आणि म्हाताऱ्या माणसाच्या चालीने दाराकडे निघाले. मघाशी हसलेल्या भावाने वाटेतून पाय ओढून घेतले. मी उंबऱ्याबाहेर हात सोडला, दार लोटलं, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले.

वडील बराच वेळ कोपऱ्याकडे पाहत होते. मग त्यांनी हात पसरले. एवढं तान्हं लेकरू धरायचं कसं, हे त्यांना माहीतच नव्हतं. सूप धरावं तशी त्यांनी ती दोन्ही हातांवर लांब धरली. "मान इथे, कोपरावर घ्या आबाजी," मुलाने शिकवलं. मग त्यांनी तिला छातीशी घेतलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या पाच महिन्यांच्या पोरीचा हेवा वाटला.

तिच्या डोक्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाले, "दार धरून ठेव, बाई. येतीन ते."

"धरलं हाये, बाबा," मी म्हटलं, आणि पाय रोवून अंगाचा सगळा भार दारावर टाकला.