व्याहीबुवांची अर्धी शिंक

दोन हजार तेवीस साल, माझं वय बहात्तर. माझ्या लेकीचे सासरे माझ्याहून थोडे मोठे. त्यांच्याइतकं घट्ट धोतर हिंगोली जिल्ह्यात दुसरं कुणी नेसत असेल, तर त्यानं माझ्यासमोर यावं. मी शाळा फार पाहिली न्हाई, पण एवढं छातीवर हात ठेवून लिहितो. गाठ अशी आवळायचे की शिंक अर्धीच बाहेर पडायची, उरलेली अर्धी आतच राहायची. हसायचं असलं तर आधी खाटेला धरायचे. या सगळ्याला कारण एक लांडगा. यांच्या जवानीत तो मेंढरांवर आला, हे काठी घेऊन मागं धावले, मेंढरं वाचली पण धोतर सुटलं, अन् सुटलं ते नेमकं सासुरवाडीच्या बायकांपुढं! तेव्हापासून त्यांचं एकच, "माणूस ढिला पडला तरी चालंल, धोतर न्हाई."

पण बैलाच्या मानेला जुवाचा घट्टा पडावा तसा कमरेभोवती काळा पट्टा पडला. खाज सुटली की म्हशीवानी खांबाला कंबर घासायचे. यंदा त्यातून पाणी यायला लागलं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं, "काका, गाठ सोडा. ही जखम अशीच चिघळली तर पुढं कॅन्सरसुद्धा होऊ शकतो." बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, "डॉक्टर लेकरू हाय. त्यानं लांडगा पाहिला न्हाई."

मग मीही हट्टाला पेटलो. नातवाच्या जावळाला आमच्या दारात पाहुणे जमले, तेव्हा मी व्याह्यांना धोतरजोडीऐवजी ढगळ, इलॅस्टिकचे दोन पायजामे आहेर केले. व्याह्याचा आहेर परत करता येत न्हाई, अन् तिथंच अंगावर घालावा लागतो.

"व्याहीबुवा, हे काहून?"

"आहेर हाय. लोटता का?"

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. व्याही आत गेले अन् दोन्ही हातांनी पायजामा धरून बाहेर आले. तेवढ्यात शिंक आली. अख्खी! छपरावरची कबुतरं उडाली. स्वतःच दचकले, मग खाटेला न धरता हसले.

पण निघताना हळूच म्हणाले, "गावात एकट्याचं हसं होईल हो." लांडग्याला न भ्यालेल्या माणसाच्या डोळ्यांत मी तेव्हा भीती पाहिली. "अन् तुमच्या कमरेला काय चंदन लावलंय? आंघोळीला पाहिलाय म्या तुमचा बी पट्टा." असं म्हणून दुसरा पायजामा माझ्या हातात ठेवला. "घ्या, उलटा आहेर."

लोटता येईना, घेतला. रीत माझीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो पायजामा चढवला अन् त्यांच्या गावाला, गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये जाऊन बसलो, एका हातानं दांडी धरून अन् दुसऱ्या हातानं पायजामा.