एकच औषध उरलं होतं

नव्वदच्या दशकात नवऱ्याला फरीदाबादच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी पुण्यातलं काम सोडून त्याच्यामागे तिकडे गेले. मथुरा रोडच्या दोन्ही बाजूंना तेव्हा सारखं नवीन काहीतरी उभं राहत होतं. त्यातच एक खाजगी हॉस्पिटल निघालं. बाहेरून सगळी काच, आत चकचकीत ग्रॅनाइट. त्याच्या तळघरातल्या लॅबमध्ये मी लागले. पेशंटच्या रक्तातले, लघवीतले, जखमेतले जंतू बशीत वाढवायचे आणि कोणतं अँटिबायोटिक त्यांना मारतं हे वरच्या डॉक्टरांना कळवायचं, हे माझं काम.

माझे रिपोर्ट फारसं कुणी वाचत नसे. ते तयार होईपर्यंत औषध सुरू झालेलं असायचं, आणि तेही बाजारात आलेलं सगळ्यात नवं. कंपन्यांची माणसं टाय लावून ओपीडीबाहेर बसलेली असत. दर थोड्या दिवसांनी एखादं नवं इंजेक्शन यायचं आणि जुनं एकदम मागासलेलं वाटायला लागायचं.

आमचे मुख्य सर्जन मराठी, पण दिल्लीतच वाढलेले. हात फार चांगला. मात्र साध्या हर्नियाच्या ऑपरेशननंतरही ते आठवडाभर दोन-दोन अँटिबायोटिक्स द्यायचे. मी एकदा विषय काढला, तर हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे बशी असते, माझ्याकडे पेशंट असतो. रिस्क कोण घेणार, यार?"

एका हिवाळ्यात त्यांची आईच आमच्याकडे ॲडमिट झाली. सत्तरी ओलांडलेली, किरकोळ अंगाची बाई. लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं. ताप चढताना इतकी थंडी वाजायची की पलंग हलायचा. सरांनी स्वतःच सगळ्यात नवं इंजेक्शन सुरू केलं. ताप उतरेना. ते बदलून दुसरं दिलं. तरी तेच.

तेवढ्यात माझा रिपोर्ट वर गेला आणि सरांचा फोन आला. "मॅडम, हे बिल्कुल शक्य नाही. लॅबची काहीतरी गडबड आहे. रिपीट करा."

"केलंय सर. पुन्हा तेच आलंय. तुम्ही खाली येऊन बघता का?"

ते आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लॅबच्या दारातून आत आले. मी बशी उजेडात धरली. बशीभर जंतूंची राखाडी साय पसरलेली होती आणि तिच्यावर औषधं मुरवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवलेल्या. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ राहतं. इथे साय जवळजवळ प्रत्येक चकतीच्या कडेला जाऊन भिडली होती. त्यांनी सुरू केलेल्या दोन्ही औषधांच्यासुद्धा. वर्तुळ होतं ते एकाच चकतीभोवती.

सर स्टूल ओढून बसले.

"तिला अधूनमधून कणकण यायची," ते म्हणाले. "मी फोनवरूनच अँटिबायोटिकची गोळी सांगायचो. बरं वाटलं की ती बंद करायची. कधी तपासलं नाही मी. आई आहे ना, वाटायचं, उगाच कशाला सुया टोचायच्या."

उरलेलं औषध जुनंच होतं, पण त्याने किडनीला आणि कानाला इजा होऊ शकते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. रोज रक्त तपासून किडनी सांभाळता आली असती. कानाचं कुणीच सांगू शकत नव्हतं.

आईंना सांगायला ते मला बरोबर घेऊन गेले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "आई, एक इंजेक्शन आहे. बरं वाटेल. पण ऐकू कमी येऊ शकतं."

"रेडिओ येईल का ऐकू?"

"माहीत नाही, आई."

आईंनी डोळे मिटून विचार केला. "दे मग. आधी ही थंडी थांबव."

थंडी थांबली. ताप हळूहळू उतरला आणि आई घरी गेल्या. पण बारीक, उंच आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, नातीची हाक.

त्यानंतर सरांनी वॉर्डातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना लॅबमध्ये बोलावलं. मी बशा दाखवल्या. मला वाटलं होतं, यांना हे नीट ठाऊक नसेल. पण औषधांचा मारा केला की जंतू त्यांना दाद देईनासे होतात हे सगळ्यांना माहीत होतं. एक तरुण डॉक्टर म्हणाली, "मी औषध दिलं नाही आणि जखमेत पू झाला, तर मला विचारतील. दिलं, तर कुणीच विचारत नाही." एक सिस्टर म्हणाली, "सलाईनमधून काही जात नसेल तर नातेवाईक म्हणतात, इलाजच चालू नाही." त्या दिवशी मला कळलं, की मी इतके दिवस अज्ञानाशी भांडत होते आणि समोर होती ती भीती. मलाही ओपीडीत बसवलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

सर म्हणाले, "यापुढे विचारलं तर माझं नाव सांगा."

थोडा फरक पडला. सर ऑपरेशनच्या आधी एक डोस देऊन थांबू लागले. वसंतात एका पेशंटची जखम चिघळली तेव्हा नातेवाइकांसमोर ते स्वतः उभे राहिले. तिथल्या जंतूंना साधं जुनं औषध पुरलं. बाकीचे काही सर्जन मात्र आपल्या पद्धतीने चालत राहिले.

उन्हाळ्यात सरांनी मला आणि नवऱ्याला दिल्लीत, मयूर विहारच्या आपल्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. आईंनी मला समोर बसवलं, ओठ दिसावेत म्हणून.

"हा सांगत होता, तू बशीत जंतू पाळतेस. माझ्यातले मेले का गं सगळे?"

"मेले, आजी," मी मोठ्याने म्हणाले.

"आणि बाकीच्यांचे?"

सरांनी त्यांच्या पानात भात वाढला आणि जवळ वाकून म्हणाले, "बघतोय, आई."

"काय?"

"बघतोय म्हटलं," ते पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.